पालीच्या माळावरचं मोटारीचं वळण

असं समजा, तुम्हाला एक वर्तुळ आखायचं आहे. कागदावर नाही, माळावर. मधल्या खुंटीपासून कडेपर्यंत अडीचशे फूट. हाताशी अंबाडीचा दोर, एक खुंटी आणि टोपलीभर चुना. दोराचं एक टोक खुंटीला बांधा, दुसरं हातात घ्या, ताणा आणि चुना टाकत चालायला लागा. दहा पावलांत दोर बोरीच्या काट्यांत अडकतो. सोडवून पुन्हा ताणला की वीतभर लांबतो. त्याचा मधला भाग जमिनीवर लोळतो आणि तुम्हाला नकळत आत ओढतो. घामाघूम होऊन फेरी पुरी करता, तेव्हा दिसतं की तुमची रेघ पहिल्या रेघेला भेटलेलीच नाही. तीन हात बाजूनं निघून गेली आहे.

मुक्ताबाईची रेघ भेटायची. १९२६ च्या जानेवारीत पालीच्या माळावर तिनं असं वर्तुळ आखलं, आणि शेवटचं टोक पहिल्या टोकापासून फक्त चार बोटं चुकलं. तिनं दोर आदल्या दिवशी भिजवून, बैलजोडी लावून ओढून घेतला होता, म्हणजे जेवढा लांबायचा तेवढा आधीच लांबला. चालताना मधे मधे सहा बाया दोर डोक्यावर धरून तिच्या बरोबरीनं फिरत होत्या, म्हणून तो कुठंच लोळला नाही. भूमिती तिला कुणी शिकवली नव्हती. ती खळी करायची.

ज्वारीची कणसं बैलांच्या पायांखाली तुडवायला जे गोल अंगण करतात, ते खळं. मुक्ताबाईचं माहेर नेकनूर, सासर पाली, आणि दोन्हींच्या मधल्या सगळ्या गावांत सुगी जवळ आली की तिला बोलावणं यायचं. तिच्या खळ्याला भेग पडत नसे, आणि त्यावर पाणी थांबत नसे. खळं सारवून झालं की ती मधोमध घागर ओतायची. पाणी चारी बाजूंनी बाहेर पळालं पाहिजे. म्हणजे मध्य किंचित उंच, कड किंचित खाली. पाणी मधी बसलं की खळं नासलं, हे वाक्य तिनं इतक्या जणींना ऐकवलं होतं की तिच्या माघारी बाया तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवत.

खळी करणाऱ्या बाईला एवढं मोठं वर्तुळ कशाला लागलं, तर मोटारींच्या शर्यतीसाठी.

पालीच्या बाजूला ज्यांची जहागीर होती, ते जहागीरदार विलायतेला जाऊन आले होते. तिथं त्यांनी मोटारींची शर्यत पाहिली आणि परतल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. आपल्याच माळावर मोटारींचा गोल करायचा, हैदराबाद, जालना, औरंगाबादहून मोटारी बोलवायच्या, चार मोटारींनी एकदम दहा फेऱ्या मारायच्या. फेब्रुवारीतला एक शुक्रवारही ठरून गेला. काम त्यांनी त्रिंबकराव ओव्हरसियरांवर सोपवलं. त्रिंबकरावांनी आयुष्यभर सरकारी रस्ते केले होते. शर्यतीचा रस्ता कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची सोयही नव्हती. त्यांच्याजवळ एक वही होती आणि जहागीरदारांनी दिलेलं, इंग्रजी मासिकातून कापलेलं एक चित्र. चित्रात मोटारी धावत होत्या, पण रस्ता एका बाजूला कललेला होता. फोटो काढणाऱ्यानं पेटी वाकडी धरली असणार, असं त्रिंबकरावांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं.

आराखडा मात्र त्यांनी छान केला होता. सव्वा मैलाचा लांबट गोल, साखळीची कडी दोन्हीकडून ओढल्यासारखा. दोन सरळ पट्टे. टेकडीच्या पायथ्याशी एक ऐसपैस वळण, आणि बिंदुसरा नदीच्या बाजूला जागा कमी पडली म्हणून दुसरं आवळलेलं, अर्ध्या वर्तुळाचं. रुंदी वीस फूट. काळी माती काढायची, मुरूम टाकायचा, पखालीतलं पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा. नदीकडचं वळण नेमकं गोल यायला हवं म्हणून त्यांनी मुक्ताबाईला बोलावलं. ती आपल्या बायांची टोळी घेऊन आली, माळ बघितला आणि म्हणाली की हे तर मोठं खळंच आहे.

मुक्ताबाई आली त्याला आणखी एक कारण होतं. तिचा धाकटा भाऊ गहिनीनाथ.

गहिनीनाथ जहागीरदारांकडे मोटार धुवायला लागला होता. धुता धुता हँडल मारायला शिकला, मग चालवायला. आता जहागीरदारांची छोटी, दोन माणसांची मोटार शर्यतीत तोच चालवणार होता. सव्वीस वर्षांच्या त्या माणसाला जगात दुसरं काही नको होतं. जेवताना तो ताट धरून वळणं घ्यायचा. मुक्ताबाई त्याला म्हणायची, बैल निदान हाक मारल्यावर थांबतो, तुझी ही बया कशानं थांबते? तो म्हणायचा, आक्का, ती थांबायसाठी केलेलीच न्हाई.

वळण बांधताना मुक्ताबाईनं खळ्याचीच रीत धरली. आतली कड उंच, बाहेरची खाली, उतार नदीकडे. शेवटी घागर ओतली. पाणी आतून बाहेर सरसर पळालं. त्रिंबकरावांनी मान डोलावली. त्यांचे रस्तेही पाणी बाहेर टाकण्यासाठीच उतरते असत. दोन जाणकार माणसं एकाच गोष्टीवर खूश झाली, आणि दोघांचीही चूक एकच होती.

शर्यतीला सोळा दिवस होते तेव्हा गहिनीनाथनं पहिली चाचणी घेतली. दोन फेऱ्या हळू, काही झालं नाही. तिसऱ्या फेरीला त्यानं सरळ पट्ट्यावर वेग घेतला आणि नदीकडच्या वळणात शिरला. मोटारीचा मागचा भाग बाहेर सरकायला लागला. त्यानं सुकाणू वळवलं, तरी मोटार सरकतच राहिली, जणू कुणी तिला कडेकडे ढकलत होतं. कड ओलांडून ती खालच्या बाभळीत गेली. एका चाकाचे आरे मोडले, गहिनीनाथचं कपाळ फुटलं.

बाया धावल्या. त्याला बाहेर काढला तर तो पहिलं वाक्य बोलला ते मोटारीचंच.

"आक्का, मी सुकानू बरूबर धरलतं."

त्रिंबकरावांना ते पटलं नाही. हात कच्चा आहे, असं ते सरळ म्हणाले. औरंगाबादला एक मुरलेला ड्रायव्हर आहे, त्याला पत्र लिहून बोलवू. जहागीरदार म्हणाले, मोटार दुरुस्त होईपर्यंत ठरवा. गहिनीनाथ डोक्याला फडकं बांधून मोटारीशेजारी बसून राहिला. पत्र गेलं की तो पुन्हा बादली आणि चिंध्यांवर येणार, हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या बहिणीलाही.

मुक्ताबाई त्याच्याजवळ बसली नाही. ती वळणावर गेली. सकाळीच पाणी मारल्यामुळं चाकांच्या रेघा मुरमात स्वच्छ उमटल्या होत्या. बाहेरच्या चाकाची रेघ चार बोटं खोल. आतल्या चाकाची आधी बारीक, मग नुसती खरचटल्यासारखी, आणि पुढं दहा पावलं काहीच नाही. म्हणजे तेवढ्या जागेत आतलं चाक जमिनीला टेकलंच नव्हतं. मोटारीचं सगळं अंग बाहेरच्या चाकांवर गेलं होतं. भाऊ खरं बोलत होता. त्याला कुणीतरी बाहेर ढकललं होतं, आणि ढकलणारा तिनंच बांधलेला उतार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया भाकरी खाऊन बोरं खात बसल्या होत्या. माळावरची बारकी, गोल, आंबट बोरं. बायनाबाई म्हणून टोळीतली एक तोंडाळ बाई रिकाम्या घमेल्यात एक बोर टाकून उगीच घमेलं फिरवत होती. बोर गरगर फिरत घमेल्याच्या कडेवर चढलं. तिनं जोर वाढवला, ते आणखी वर चढलं. जोर कमी केला, खाली आलं. मुक्ताबाई खाता खाता थांबली. तिनं घमेलं मागितलं आणि स्वतः फिरवून पाहिलं. मग दुसरं घमेलं पालथं घातलं, त्याच्या पाठीवर बोर ठेवलं आणि गोल फिरवायला गेली. बोर उडून बायनाबाईच्या पदरात पडलं. पुन्हा केलं. पुन्हा उडालं.

"काय गं, पोरीवानी खेळायलीस?" बायनाबाई म्हणाली.

मुक्ताबाईनं पालथ्या घमेल्याकडे बोट दाखवलं. "हे आपलं वळण हाय."

मग ती उठली आणि त्रिंबकरावांकडे गेली. त्यांना मासिकातलं ते चित्र दाखवायला सांगितलं. त्यांनी वहीतून काढलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि मोटारींच्या मागं उभ्या असलेल्या एका झाडावर अंगठा ठेवला.

"रावसाहेब, हे झाड सरळ हाय."

"मग?"

"फोटो वाकडा असता तर झाडबी वाकडं दिसलं असतं. वाटच वाकडी हाय. त्या लोकांनी मुद्दाम केली तशी."

त्रिंबकरावांनी चित्र परत घेतलं. झाडाच्या खोडाला पट्टी लावून पाहिली. महिनाभर ते चित्र त्यांच्या वहीत होतं आणि त्यांनी एकदाही झाडाकडे पाहिलं नव्हतं. पण ते साधे ओव्हरसियर नव्हते, तीस वर्षं मुरलेले ओव्हरसियर होते. त्यांनी विचारलं, पाण्याचं काय? आत उतार दिला तर सगळं पाणी मधे साचणार. मधी पाणी बसलं की काय होतं, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतेस ना?

"ती खळ्याची गोष्ट. खळ्यात बैल चालतो, रावसाहेब. बैलाला भाईर कोन फेकतंय?" मग वळणाकडे हात करून ती म्हणाली, "शर्यत मोटारीची हाय, पान्याची न्हाई."

त्रिंबकराव हसले नाहीत, पण जहागीरदारांकडे गेले. जहागीरदार मात्र खूप हसले. त्यांनी निकाल दिला तो असा: वळण उलटं करा. बहिणीनं बांधलेल्या वळणावर भावानंच मोटार चालवायची. टिकला तर शर्यत त्याची, पुन्हा बाभळीत गेला तर त्यानं परत सुकाणूला हात लावायचा नाही.

हे ऐकून गहिनीनाथचा चेहरा उजळला. मुक्ताबाईचा उतरला. चौदा दिवस हातात होते, आणि किती उतार द्यायचा हे जगात तिला सांगणारं कुणी नव्हतं. चित्रात मोजमाप नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा टोळीनं तिची यथेच्छ टिंगल केली. आपणच चोपलेलं आपणच उकरायचं ही कोणती रीत? बायनाबाईनं विचारलं की आता भाकरीपण उलटी थापायची का. पण हात चालत होते. आतल्या उंच कडेचा मुरूम काढून बाहेरच्या कडेला टाकायचा, म्हणजे एकाच टोपलीत दोन कामं. ऐंशी माणसं, दोन रूळ, पखाली घेऊन नदीपर्यंत सारख्या येरझारा घालणारे रेडे. मोटारीला नवं चाक आलं होतं.

आणि मुक्ताबाईनं मोजमाप शोधून काढलं. रेघांतूनच.

बाहेरची कड आधी हातभर उचलली. गहिनीनाथनं मोटार आणली. वळणाच्या दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा, आणि त्रिंबकराव हातात घड्याळ घेऊन. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एकवीस सेकंद, म्हणजे ताशी साधारण पंचवीस मैल, एवढाच वेग ठेवायचा असं ठरलं. मोटार गेली की मुक्ताबाई तुराटीची काडी घेऊन बसायची. बाहेरच्या रेघेत काडी रोवायची, नखानं खूण करायची, मग आतल्या रेघेत रोवायची. बाहेरची खोल भरली की समजायचं, उतार अजून कमी आहे. आणखी मुरूम. पुन्हा पाणी, पुन्हा रूळ, पुन्हा मोटार, पुन्हा काडी. पाच वेळा बाहेरची रेघच खोल आली, पण दर वेळी आधीपेक्षा कमी. सहाव्या वेळी, बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा कमरेइतकी उंच झाली तेव्हा, काडीवरच्या दोन्ही खुणा एकावर एक आल्या.

तिनं काडी त्रिंबकरावांना दाखवली. त्यांनी स्वतःच्या पट्टीनं मोजून पाहिलं. मग पट्टी खिशात घातली आणि ती काडी मागून घेतली.

पण आनंद अर्ध्या घटकेचाच ठरला. गहिनीनाथ हौसेनं एक फेरी अगदी हळू मारून आला, आणि मुक्ताबाईनं त्या फेरीच्या रेघांत दुसरी काडी रोवून पाहिली. आता आतली रेघ खोल होती. मग त्याला जोरात जायला सांगितलं, तर पुन्हा बाहेरची. म्हणजे हा उतार एकाच वेगाचा होता. दुसऱ्या वेगाला दुसरा उतार हवा. आणि शर्यतीत कोण किती वेगानं येईल ते कुणी लिहून देणार होतं का?

ती वळणाच्या मधे उभी राहून विचार करत होती. गहिनीनाथ म्हणाला की आक्का, जोरात येणारा भाईरूनच जातो, त्याला आत थांबताच येत न्हाई. त्यावर ती एकदम चालायला लागली. जोरात फिरवलं की बोर घमेल्यात वर चढत होतं, आणि घमेलं वरच्या बाजूला जास्त उभं असतं. तिनं टोळीला सांगितलं, आतला भाग आहे तसाच राहू द्या, बाहेरचे सहा हात आणखी उभे करा, वर जाईल तसे जास्त उभे. हळू येणारा खालून जाईल, जोरात येणारा वरून. ज्याचा त्याचा वेग ज्याला त्याला आपली जागा दाखवील. शेवटचे तीन दिवस त्या सहा हातांत गेले. त्या उभ्या भागावर रूळ फिरेना, म्हणून बायांनी तो चोपण्यांनी हातानं चोपला, एकीच्या मागं एक, पाय रोवून.

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर शर्यत होती. सकाळपासूनच माळ भरला. केजहून, नेकनूरहून, बीडहून गाड्या आल्या. लोकांनी बैल लांब बांधले, कारण मोटारींचा आवाज ऐकून ते दावी तोडत होते. चार मोटारी रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यातली हैदराबादची मोटार बघून टोळीतल्या बाया दोन पावलं मागं सरकल्या. सात माणसं बसतील एवढी मोठी. नुसती उभी होती तरी चाकं मुरमात रुतलेली. बायनाबाई पहिल्यांदाच गंभीर होऊन म्हणाली, मुक्ताबाई, ही म्हैस हाय. तू उतार शेळीचा केलायस.

मुक्ताबाईला तेच वाटत होतं. सगळं मोजमाप तिनं भावाच्या हलक्या मोटारीवर केलं होतं. ही जड मोटार सरकली, तर बाजूनं जाणाऱ्या गहिनीनाथला घेऊन खाली जाणार. थांबवायला आता वेळ नव्हता. ती वळणाच्या आतल्या बाजूला, अगदी कडेशी जाऊन उभी राहिली.

बार झाला. पहिल्या फेरीला मोठी मोटार सगळ्यांच्या पुढं होती. आवाज आधी आला, मग धूळ, मग ती स्वतः. ती वळणात शिरली आणि वर चढली. कडेच्या दिशेनं गेली, गेली, आणि कडेच्या चार हात आत थांबली, तिथूनच गोल फिरत राहिली, जणू तिथं आगगाडीचे रूळ टाकले होते. तिच्या मागून, तेवढ्याच वेगानं, गहिनीनाथ आला. तोही वर चढला. आणि त्याच उंचीवर थांबला. तेवढ्याच. बाया ओरडत होत्या, कुणी डोक्यावरचं टोपलं हवेत फेकलं, पण मुक्ताबाईची नजर वळणावरून हलली नाही. ती कडेपासूनचं अंतर मोजत होती.

पुढच्या फेऱ्यांत एक गंमत कळली. सरळ पट्ट्यावर मोठी मोटार निघून जायची, पण तिचा ड्रायव्हर त्या कललेल्या वळणाला घाबरून आधीच वेग कमी करायचा, आणि गहिनीनाथ करायचा नाही. त्याला ते वळण थोडं थोडं उचलताना ठाऊक झालेलं होतं. सहाव्या फेरीला तो वरच्या उभ्या भागावरून तिला ओलांडून गेला. पट्ट्यावर तिनं पुन्हा गाठलं. आठव्याला पुन्हा तो. नवव्याला पुन्हा ती. दहाव्या फेरीत दोघं वळणातून बरोबरीनं बाहेर पडले, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर मोठ्या मोटारीनं एका मोटारीइतकं अंतर काढलं. गहिनीनाथ दुसरा आला. जालन्याची आणि औरंगाबादची मोटार पुष्कळ मागं राहिली.

जहागीरदारांना दुसरा नंबर पहिल्यासारखाच गोड लागला. औरंगाबादच्या ड्रायव्हरला लिहिलेलं पत्र वहीतच राहिलं. गहिनीनाथ पुढं सतरा वर्षं त्यांच्या मोटारी चालवत होता.

तो गोल मात्र तीनच शर्यती चालला. त्रिंबकराव खरे ठरले, दर पावसाळ्यात वळणाच्या मधे तळं साचायचं, मुरूम वाहून जायचा, आणि मग जहागीरदारांना दुसरा नाद लागला. आज तिथं ज्वारी असते. मुक्ताबाई पुढंही खळी करत राहिली, मध्य उंच ठेवूनच, आणि मोटारीच्या वळणाविषयी कुणी विचारलं की एवढंच सांगायची की पाणी आणि मोटार यांचं पटत नाही.

पण त्या शुक्रवारी, लोक पांगल्यावर, ती काडी घेऊन वळणावर गेली होती. जड मोटारीच्या रेघा खोल होत्या, पण आतली आणि बाहेरची सारखीच खोल. हलक्या मोटारीच्या रेघा उथळ होत्या, पण आतली आणि बाहेरची सारखीच उथळ. दोघी सारख्या वेगानं गेल्या होत्या तिथं दोन्हींच्या रेघा एकाच उंचीवरून, एकमेकींना चिकटून गेलेल्या. तिनं ते त्रिंबकरावांना दाखवलं. त्यांनी ते मोजून वहीत लिहून घेतलं. पुढं शाळेतल्या मास्तरांना विचारलं, सर्व्हे करायला आलेल्या साहेबाला विचारलं, केजच्या बाजारात भेटलेल्या एका मोटारवाल्याला विचारलं. म्हातारी झाल्यावर, भाच्याचा मुलगा शिकायला औरंगाबादला निघाला, तेव्हा त्यालाही तिनं तेच विचारलं.

"वेग वाढला की उतार वाढवावा लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. मंग वजन वाढलं तरी उतार तेवढाच कावून पुरतो रे?"